नकलनवीस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘संगणक आणि मराठी साहित्य’ या विषयावर वीस मिनिटं बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. वीस मिनिटं मिळताहेत म्हटल्यावर कवी विषय विचारत नाही. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला तेव्हा लक्षात आलं, की या बाबतीत मला एकच प्रकरण आतून माहीत आहे. त्यात साहित्य आहे, पण ते हरवलेलं साहित्य आहे. आग लागून नाही, वाळवी लागून नाही. रात्री दोन वाजता काम करणाऱ्या एका अदृश्य चाकराला स्वतःचं नाव नव्हतं, म्हणून ते हरवलं. तेच आज सांगतो.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लिपिक आहे. बी. ए. लातूरला केलं, मराठी घेऊन. निकाल लागला त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही पोरं मदतीला गेलो होतो. सुरुवातीला लोक माणसं शोधत होते. नंतर तेच लोक त्याच ढिगाऱ्यात कागद शोधायला लागले. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक. एक म्हातारे गृहस्थ ओलं झालेलं खरेदीखत छातीशी धरून बसले होते. कागद उर्दूतला, त्यांना वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवला. शेताच्या चार बाजूंना कोणकोण आहे ते त्यात लिहिलेलं होतं. त्या चारांपैकी तिघांच्या घरांत आता कुणी उरलं नव्हतं.

मराठी शेतकऱ्याचा कागद उर्दूत कसा, असं पुण्या-मुंबईकडचे मित्र अजून विचारतात. आपल्या श्रोत्यांना ते सांगायला नको. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. माणूस बोलायचा मराठीत, भांडायचा मराठीत, पण त्याची जमीन मात्र उर्दूत असायची. पुढं राज्य बदललं, शाळा बदलल्या, उर्दू वाचणारे कमी होत गेले, आणि घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत न वाचता येणारे कागद राहिले. त्यातले काही देणगी म्हणून आमच्या ग्रंथालयात आले. आमच्याकडं उर्दू वाचणारा मी एकटा, म्हणून ती खोकी माझ्या टेबलाजवळ आली. मराठी कवितेनं मला नोकरीत काही मिळवून दिलं नाही, उर्दूनं निदान खिडकीजवळचं टेबल मिळवून दिलं.

टेबलाबरोबर संगणक आला, स्कॅनर आला. कागद स्कॅन करायचे, त्यांना क्रमांक द्यायचा, मराठीत दोन ओळींची टीप लिहायची, हे माझं काम झालं. हळूहळू मी त्यात माझी स्वतःची एक भर घातली. कॅसेटी.

औसा तालुक्यात माझी एक खाला होती, आईची चुलत बहीण. तिला दळणाची गाणी यायची, दखनीतली. जात्यावरच्या ओव्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. पुण्यात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी त्या गोळा करायचं केवढं मोठं काम केलं. त्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत. दखनीतही जात्यावरचं काव्य आहे, त्याला चक्कीनामा म्हणतात, आणि ते सूफी परंपरेतून बायकांच्या ओठांवर आलेलं आहे. खालाच्या गाण्यांत मात्र कुठं दखनी संपते आणि कुठं मराठी सुरू होते ते समजायचं नाही. पीर एका ओळीत, विठोबा दुसऱ्या ओळीत, आणि तिसऱ्या ओळीत सासू. १९९९ साली मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि तिची अकरा गाणी भरून आणली. ती हसून म्हणाली, “मेरेकू डब्बे में बंद करके ले जारा क्या रे?” पुढं चार वर्षांनी ती गेली.

२०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती कॅसेट संगणकाला जोडून भरून घेतली. अकरा गाणी, अकरा फायली. बाराव्यांदा नीट ऐकावी म्हणून कॅसेट पुन्हा लावली तर टेपरेकॉर्डरनं फीत गिळली. ओढून काढली तेव्हा ती शेवयांसारखी हातात आली. मला फार वाईट वाटलं नाही, कारण गाणी आता संगणकात होती, आणि संगणकातलं सगळं रोज रात्री वरच्या मजल्यावरच्या मोठ्या संगणकात जात होतं.

म्हणजे जात होतं असं मी समजत होतो.

ती व्यवस्था अशी होती. माझ्या पडद्यावर ‘झेड ड्राइव्ह’ नावाचं एक कपाट दिसायचं. ते खरं माझ्या यंत्रात नव्हतं, वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरमधला एक फोल्डर होता तो, तारेनं माझ्यापर्यंत आणलेला. एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. रात्री दोनला ते आपणहून जागं होई आणि दिवसभरातलं नवं काम झेडमध्ये नकलून ठेवी. मी घरी झोपलेलो, ग्रंथालयाला कुलूप, पडदा बंद, आणि आत हा चाकर कामाला लागलेला. कवीला आवडावी अशीच कल्पना आहे. गंमत म्हणजे जगातल्या संगणकवाल्यांनाही हा मोह झालेला आहे. पडद्यामागं गुपचूप राबणाऱ्या अशा प्रोग्रॅमला १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी ‘डीमन’ असं नाव दिलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं एका विचारप्रयोगात कल्पिलेला जो अदृश्य द्वारपाल, त्याच्यावरून. आमच्या घरी आई त्याला सरळ जिन्न म्हणाली असती, आणि विचारलं असतं, ‘त्याला कामावर कुणी ठेवला?’

हा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नाही.

सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा सुरुवातीलाच एक अडचण आली होती. मी दिवसा बटण दाबलं की नक्कल व्हायची, रात्री आपोआप होत नसे. तक्रार केल्यावर तेव्हाचे संगणकाचं काम बघणारे गृहस्थ आले. भला माणूस, घाईत होता. त्यांनी पाच मिनिटांत काहीतरी केलं आणि रात्रीचं काम सुरू झालं. काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जुलै २०१४ मध्ये त्यांना पुण्यात चांगली नोकरी लागली. आम्ही त्यांना शाल-नारळ दिला. ते गेल्यावर, नियमाप्रमाणं, त्यांचं संगणकावरचं खातं बंद करण्यात आलं. ते योग्यच होतं.

जून २०१५ मध्ये, कॉलेज उघडण्याच्या आठवड्यात, माझ्या संगणकाच्या पोटातून टकटक असा आवाज आला आणि हार्डडिस्क गेली. मी शांत होतो. शिपाई मामांना म्हणालो सुद्धा, “काही नाही मामा, वर नक्कल आहे.” वर जाऊन पाहिलं. शेवटची नक्कल जुलै २०१४ ची होती. अकरा महिने रात्री दोनला तो चाकर उठत होता, दारापर्यंत जात होता, दार उघडत नाही म्हणून परत येत होता, आणि आपल्या रोजनिशीत ‘प्रवेश नाही’ असं लिहून ठेवत होता. इमानदारीनं, रोज. ती रोजनिशी कुठं असते हेही आम्हाला माहीत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं छोटं हिरवं चित्र दिसायचं. त्या चित्राचा अर्थ ‘मी इथं आहे’ एवढाच होता, ‘काम झालं’ असा नव्हता. हा फरक मला समजला तेव्हा पंचेचाळीसावं वर्ष सुरू होतं.

डिस्क हैदराबादला पाठवली. काही निघालं नाही. कागद मूळ स्वरूपात होते, ते पुन्हा स्कॅन करता आले. खालाची गाणी पुन्हा कुठून स्कॅन करणार?

दोष कुणाचा, हे मी बरेच दिवस उगाळत बसलो. शेवटी माझा भाचा आला. लातूरला बीसीए केलेला, तेव्हा चोवीस-पंचवीसचा. त्यानं माझी खुर्ची ओढून घेतली, थोडा वेळ काहीतरी बघितलं आणि विचारलं, “मामू, घरात तुम्हाला काय म्हणतात?”

“मुन्ना.”

“आणि पोस्टमन?”

“पोस्टमनला मुन्ना कसा माहीत असेल?”

“मग झेड म्हणजे मुन्ना.”

नंतर त्यानं जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. श्रोत्यांपैकी जे दुकानात, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात असले संगणक वापरतात त्यांच्या कामाचं आहे.

आपण सकाळी संगणकावर आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकून आत येतो. त्या क्षणी आपल्यापुरतं एक घर मांडलं जातं. ‘झेड’ हे त्या घरातलं लाडाचं नाव असतं. दुसऱ्या नावानं कुणी आत आला तर त्याच्या घरात झेड असेलच असं नाही. पडद्यामागचा चाकर आपल्या घरात राहतच नाही. तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या नावानं काम करत असतो. म्हणून मी दिवसा बटण दाबलं की काम व्हायचं, कारण ते माझ्या घरातून व्हायचं. रात्री चाकर ‘झेड कुठाय?’ म्हणून अंधारात चाचपडायचा. त्याला लाडाचं नाव नको, पूर्ण पत्ता हवा. आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, मग एक रेघ आणि फोल्डरचं नाव. पोस्टमनला लागतो तसा.

पत्ता दिला तरी प्रश्न सुटत नाही. दारावर गेल्यावर ‘कोण?’ असं विचारतात. असे चाकर बहुतेक वेळा ‘लोकल सिस्टीम’ नावानं चालतात. हे नाव आपल्या यंत्रात फार बलवान, जवळजवळ मालकच. पण आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी, जिथं सगळी यंत्रं एका कारभाऱ्याखाली आणलेली नसतात, तिथं दुसऱ्या यंत्राच्या दारात त्याला कुणी ओळखत नाही. अपनी गली में शेर, बाकी गल्लीबाहेर त्याला कोण विचारतो? त्या पुण्याला गेलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत काय केलं होतं ते इथं उघड झालं. त्यांनी चाकराला स्वतःचं नाव आणि स्वतःचा परवलीचा शब्द देऊन टाकला होता. दारावर विचारलं की तो त्यांचं नाव सांगायचा आणि आत जायचा. त्यांचं खातं बंद झालं त्या रात्री चाकराचंही नाव पुसलं गेलं.

भाचा म्हणाला, “मामू, नोकरी माणसाला असते आणि हुद्दा जागेला असतो. यांनी जागेला माणसाचं नाव दिलं.”

हे ऐकल्यावर मला माझ्या खोक्यांतले कागद आठवले. संस्थानातल्या कचेरीतून जी प्रमाणित नक्कल मिळायची तिच्या खाली ‘नकल मुताबिक असल’ असं लिहिलेलं असतं. आपल्या मराठीत म्हणतात तशी अस्सलबरहुकूम नक्कल. ती करणाऱ्या कारकुनाला नकलनवीस म्हणत. तो दुपारभर मान खाली घालून नकला उतरवायचा. त्याला दफ्तरातला तेवढाच कागद मिळायचा ज्याची नक्कल हवी आहे. खजिन्याची किल्ली त्याच्याकडं नसे. आज एक नकलनवीस असेल, उद्या त्याची बदली होईल, दुसरा येईल. नकलनवीस ही जागा मात्र राहील.

मी भाच्याला म्हणालो, नवीन खात्याचं नाव नकलनवीस ठेव. त्यानं इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि स्पेलिंग चुकवलं. ते अजून तसंच आहे.

मग त्यानं खातं कसं उभारलं? दोन्ही यंत्रांवर एकाच नावाचं, एकाच परवलीच्या शब्दाचं खातं काढलं, कारण आमच्याकडं मध्यवर्ती कारभारी नव्हता. त्या खात्याला ‘सेवा म्हणून’ आत येण्याचा हक्क दिला, आणि माणसासारखं टेबलावर बसून आत येण्याचा हक्क काढून घेतला. म्हणजे उद्या कुणाला तो शब्द कळला तरी माझ्या खुर्चीत बसून त्याला नकलनवीस होता येणार नाही. वरच्या सर्व्हरवर त्याला एकाच फोल्डरचं दार उघडून दिलं. पगारपत्रकं, परीक्षेचे गुण, प्राचार्यांची पत्रं, यांतलं त्याला काही दिसत नाही. पहिल्या रात्री तरीही तो दारातूनच परत आला. कारण कळायला भाच्याला अर्धा दिवस लागला. अशा फोल्डरला दोन दारं असतात, एक वेशीचं आणि एक वाड्याचं. तारेवरून येणाऱ्यासाठी एक परवानगी आणि त्या फोल्डरची स्वतःची दुसरी. दोन्ही लागतात, आणि दोन्हींतली जी कडक असेल ती चालते. त्यानं वेस उघडली होती, वाडा विसरला होता.

मग चालू झालं. रोज सकाळी शिपाई मामा ग्रंथालय उघडतात, मी आलो की पहिल्यांदा नकलनवीसाची रोजनिशी उघडतो आणि रात्री किती फायली गेल्या तो आकडा एका वहीत लिहितो. दोनशे पानी साधी वही. भाचा हसला होता या वहीला. पण त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्या वहीत मी शून्य लिहिलं आणि त्याला फोन केला. शोधल्यावर समजलं, की विंडोजमध्ये साध्या खात्याचा परवलीचा शब्द, दुसरं काही ठरवलं नसेल तर, बेचाळीस दिवसांनी जुना होतो. माणसाला पडद्यावर सूचना येते, तो नवा शब्द देतो. चाकराला सूचना कोण देणार? आमच्यात चाळिसावा करतात, याचा बेचाळिसावा झाला. पण या खेपेला अकरा महिने नाही, एक रात्र गेली.

मोठ्या कार्यालयांत याची चांगली सोय झालेली आहे, असं भाचा सांगतो. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून अशा चाकरखात्यांचा परवलीचा शब्द यंत्रच ठरवतं, लांबलचक आणि अर्थहीन, आणि साधारण महिन्याभरानं आपणच बदलतं. तो कुणाही माणसाला माहीत नसतो, त्यामुळं कुणी पुण्याला गेलं तरी फरक पडत नाही. लिनक्स नावाच्या दुसऱ्या घराण्यात तर ‘नोबडी’ नावाचं एक खातं असतं. त्याच्या मालकीचं काहीच नसतं, म्हणून ज्याच्यावर फारसा भरवसा नाही असं काम त्याच्या नावावर चालवतात. संतांना जे साधायला जन्म गेला ते त्या खात्याला पहिल्या दिवसापासून मिळालेलं. आमच्याकडं यातलं काही नव्हतं. आम्ही शब्द एका पाकिटात घालून, लाख लावून प्राचार्यांच्या कपाटात ठेवला आणि तो बदलायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.

एवढ्यानं मी निश्चिंत झालो असतो. पण २७ जून २०१७ ला जे झालं त्यानं भाचा पुन्हा धावत आला.

त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाचा एक विषाणू जगभर पसरला. सुरुवात युक्रेनमध्ये, हिशेब आणि करांच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून. म्हणजे लोकांनी शहाणपणानं नवी प्रत घेतली आणि तिच्यातूनच तो आत आला. मर्स्क ही डेन्मार्कची प्रचंड जहाज कंपनी काही तासांत आंधळी झाली. आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात त्यांच्या समूहाचं जे टर्मिनल आहे तिथलं काम अडकलं, कंटेनर तुंबले. हा विषाणू एका यंत्रात शिरला की त्या यंत्राच्या स्मरणात कोणाकोणाची नावं आणि परवलीचे शब्द पडून आहेत ते उचलायचा, आणि त्याच नावानं शेजारच्या दारावर जायचा. दार उघडायचं, कारण नाव खरं असायचं. एखाद्या ठिकाणी सगळी दारं उघडणारं एकच मोठं नाव सापडलं, की झालंच.

भाच्यानं मला हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा नकलनवीसाची गरिबी आवडली. पुण्याला गेलेल्या गृहस्थांचं नाव सगळीकडं चालत होतं. ते जर त्या चाकराकडं तसंच राहिलं असतं आणि असला चोर आमच्याकडं आला असता तर त्यानं ग्रंथालयातून थेट पगारपत्रकापर्यंत मजल मारली असती. नकलनवीसाला लुटून चोराला काय मिळणार, एक फोल्डर.

मर्स्कचं पुढं काय झालं ते आपल्या भारनियमनवाल्यांनी ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याकडं कोणता माणूस, कोणता चाकर, कुणाला कुठलं दार, याची मोठी खतावणी ठेवणारी सुमारे दीडशे यंत्रं होती. ती एकमेकांशी सतत बोलत, एकमेकांची नक्कल ठेवत. त्यामुळं एकही हरवणार नाही अशी खात्री. विषाणूनं सगळीच पुसली, कारण सगळी जोडलेली होती. फक्त एक वाचलं. आफ्रिकेतल्या घाना देशातलं. तिथं त्या वेळी वीज गेली होती, म्हणून ते यंत्र बंद होतं. त्यातली खतावणी इंग्लंडला न्यायची तर घानाच्या कर्मचाऱ्यांकडं ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला आणि तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. २००५-०६ च्या सुमारास मराठवाड्यात बारा-बारा तास वीज नसायची तेव्हा आपण मंत्र्यांना काय काय म्हणालो होतो ते आठवा. वीज जाण्यानं कुणाचं भलं झाल्याचं हे एवढंच उदाहरण मला माहीत आहे.

यातून आमच्या ग्रंथालयात एक नवीन काम वाढलं. नकलनवीसाला त्या फोल्डरात लिहायचा हक्क आहे, म्हणजे पुसायचाही आहे. तोच बिघडला किंवा त्याला कुणी फितवला तर? म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एक सुटी डिस्क जोडतो, सगळं तिच्यात घेतो आणि तार काढून डिस्क लोखंडी कपाटात ठेवतो. आमचं घाना. त्याच दिवशी वहीतून डोळे मिटून एक क्रमांक काढतो, ती फाईल नकलेतून परत आणतो आणि मुळाशी ताडून बघतो. फाईल आहे एवढ्यावर भागत नाही, ती उघडली पाहिजे. दोनदा अशी फाईल निघाली आहे जी दिसत होती पण उघडत नव्हती. नकल मुताबिक असल, हे लिहायच्या आधी त्या जुन्या कारकुनालाही दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतच असणार.

हे सगळं एका ग्रंथालयापुरतं आहे असं समजू नका. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातली दफ्तरं बाहेर आली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पाने स्कॅन झाली, संगणकात गेली. त्या नोंदींचा अर्थ काय आणि त्यातून कुणाला काय मिळावं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. माझी नजर दुसरीकडं जाते. शंभर वर्षांपूर्वी कुणा गावकामगारानं एका ओळीत लिहिलेला एक शब्द आज एखाद्या पोराच्या प्रमाणपत्राचा आधार होतो. तो शब्द आता कागदावर आहे आणि एका डिस्कवरही आहे. कागदाचा रखवालदार दिसतो, त्याला आपण ‘काय मामा’ म्हणून हाक मारतो. डिस्कचा रखवालदार रात्री दोनला येतो. तो कुणाच्या नावानं येतो, त्याची रोजनिशी कोण वाचतं, हे प्रत्येक कचेरीत निदान एका माणसाला माहीत असावं. मी आता कुठल्याही कार्यालयात गेलो की हे विचारतो. लोक कवी समजून दुर्लक्ष करतात. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मात्र खुर्ची मागं ढकलली, आत गेले, आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाले, “सर, आमचा पण कुणीतरी पुण्याला गेलेला आहे.”

पुण्याला गेलेल्या त्या आमच्या गृहस्थांना मी कधी बोल लावला नाही. त्यांनी काम चालू करून दिलं होतं. ते कसं चालतंय हे त्यांना न विचारणारा मी होतो, आणि आकडा न बघणाराही मीच.

खालाची गाणी गेली ती गेलीच. पण दोन वर्षांपूर्वी औशाला एका लग्नात तिची सून भेटली. आता तीही साठीच्या पुढं. मी सहज विषय काढला तर म्हणाली, मला येतात की त्यातली तीन. लग्नघरातच मागच्या खोलीत, पापडांच्या डब्यांमध्ये बसून तिनं गायली आणि मी मोबाइलवर भरून घेतली. सोमवारी ग्रंथालयात आणून टाकली. मंगळवारी सकाळी वहीत तीनचा आकडा लिहिला आणि तिन्ही फायली नकलेतून काढून पुन्हा ऐकल्या. तिसरं गाणं मध्येच थांबतं. शेवट का नाही गायलीस, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तो मला येत नाही, खाला तो दरवेळी वेगळाच गायची.